रात्रीच्या अपग्रेडआधी: आत शिरायची दुसरी वाट तपासा

ब्रॉडबँड नेटवर्कवर ठरवून काम काढलं की तयारीची यादी प्रत्येक टीम करतेच. कॉन्फिगरेशनचा बॅकअप, नवं फर्मवेअर, ग्राहकांना एसएमएस, रात्रीची वेळ. उघड गोष्टी इथे एकेका शब्दात उरकतो. पण एक गोष्ट उघड असूनही हमखास राहते, ती नीट वाचा. ज्या नेटवर्कला तुम्ही हात घालणार आहात तेच आडवं झालं, तर त्यातल्या उपकरणापर्यंत पोचणार कुठून? ही दुसरी वाट, आपण जिला आउट ऑफ बँड म्हणतो ती, सगळ्यात आधी तपासा. मागच्या मोठ्या अपग्रेडला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि थोडक्यात आटपायचं काम सकाळपर्यंत लांबलं. त्यामुळे हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वगळू नका.

वाट नव्हती असं नाही. रॅकमध्ये कन्सोल सर्व्हर (राऊटरच्या कन्सोल पोर्टला थेट केबलने जोडलेलं उपकरण) होता, त्यात सिम होतं, नेटवर्कच्या आकृतीत तुटक रेघही काढलेली होती. पण लॉगिन करताना तो पासवर्डची खातरजमा करायचा टॅकॅक्स सर्व्हरकडे (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारा मध्यवर्ती सर्व्हर), आणि टॅकॅक्स सर्व्हर होता त्याच बीएनजीच्या (ग्राहकांची सेशन्स जिथे जोडली जातात तो राऊटर) पलीकडे, जो रीबूटनंतर वर येत नव्हता. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं तसला प्रकार. म्हणून यादीत ‘कन्सोल आहे’ एवढं वाचून बरोबरची खूण करू नका. सिम दुसऱ्या कंपनीचं आहे का, त्याचा रिचार्ज कामाच्या रात्रीपर्यंत चालू आहे का, ते पाहा. कन्सोल सर्व्हरचा आयपी आकड्यांत लिहून ठेवा, कारण नाव टाकलंत तर त्याचा आयपी शोधायला तुमचाच डीएनएस लागेल. टॅकॅक्स किंवा त्याच कामाचं रेडियस गेलं तरी चालेल असा लोकल युजर त्या कन्सोल सर्व्हरवरही हवा आणि आतल्या प्रत्येक राऊटरवरही. त्याचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये असेल आणि पासवर्ड मॅनेजर ऑफिसच्या सर्व्हरवर असेल, तर तो नसल्यातच जमा. ओटीपी कुठून येतो तेही बघा. कंपनीच्याच मेलवर येत असेल तर तोही त्या रात्री येणार नाही.

आणि हे सगळं प्रत्यक्ष वापरून तपासा, विचारून नाही. लॅपटॉप घ्या, ऑफिसचं वायफाय आणि व्हीपीएन बंद करा, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर या आणि कन्सोल सर्व्हरमधून राऊटरच्या प्रॉम्प्टपर्यंत पोचा. घरचं कनेक्शन आपल्याच नेटवर्कचं असतं, त्यामुळे घरून केलेली चाचणी चाचणीच नाही. पिंग आला म्हणून थांबू नका. एंटर दाबा, काहीतरी टाइप करा, उत्तर येतं का बघा. कन्सोलचा स्पीड ९६०० ऐवजी ११५२०० असेल तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं येतात. कोणाचं तरी जुनं सेशन पोर्टवर अडकलेलं असेल तर तेही येत नाहीत. हे दुपारी कळलं तर दोन मिनिटांत सुटतं.

हे लहान टीमपुरतं आहे असं कोणी समजू नये. कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं संपूर्ण नेटवर्क ८ जुलै २०२२ रोजी पहाटे बसलं, तेही ठरवून चाललेल्या कोर नेटवर्कच्या (नेटवर्कचा मधला कणा) अपग्रेडमध्ये. सातपैकी सहावा टप्पा होता. एका डिस्ट्रिब्युशन राऊटरवरचा फिल्टर काढला गेला, राऊट्सचा (डेटा कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या नोंदींचा) लोंढा कोरमध्ये शिरला आणि कोर राऊटर कोलमडले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक बंद. पण मला जास्त लागतं ते पुढचं: उपकरणं सांभाळायचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच कोरवर अवलंबून होतं आणि कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे. लॉग बघता येईनात, एकमेकांना धड फोन लागेनात, आणि कारण सापडण्यातच तासन्‌तास गेले. आधीचे टप्पे सुरळीत झाले म्हणून या टप्प्याची जोखीम कमी धरली होती, हेही लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस या टेलिकॉम कंपनीचे सुमारे ९० राऊटर, मर्यादेपेक्षा जास्त राऊट्स आल्यावर स्वतःहून नेटवर्कपासून तुटले आणि अनेक ठिकाणी माणसांना प्रत्यक्ष जावं लागलं. दुसरी वाट म्हणजे फक्त कन्सोल नव्हे. कामावरच्या प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं सिम हवं आणि सगळ्यांचे नंबर कागदावर हवेत.

आता बाकीची तयारी. काही आठवडे आधी सुरू करायचं काम म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची मोजणी, आणि इथे घाई केली की हमखास फटका बसतो. जीपॉनवरून (फायबर ब्रॉडबँडची जुनी पिढी) एक्सजीएस-पॉनवर (नवी, जास्त वेगाची) जाणं सोपं वाटतं, कारण दोन्ही एकाच फायबरवर सुखाने नांदतात. जीपॉन खाली येताना १४९० नॅनोमीटर आणि वर जाताना १३१० वापरतं, एक्सजीएस १५७७ आणि १२७०. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण दोन्ही ओएलटी (कंपनीच्या टोकाचं फायबर उपकरण) पोर्ट एका फायबरवर आणायला मध्ये कोएक्झिस्टन्स फिल्टर बसतो आणि तो साधारण एक डीबीच्या आसपास प्रकाश खातो. बी प्लस वर्गाच्या ऑप्टिक्समध्ये ओएनटीला (ग्राहकाच्या घरातलं फायबर उपकरण) उणे २७ डीबीएम इतक्या क्षीण प्रकाशापर्यंत ऐकू येतं. आता तुमच्या यादीत उणे २६.५ वर कसेबसे तग धरून असलेले ग्राहक किती आहेत ते काढा. फिल्टर बसल्यावर तेच पहिले पडणार, आणि तक्रार येणार ‘तुमच्या अपग्रेडने माझं इंटरनेट गेलं’. ती खरीच असेल.

म्हणून प्रत्येक पॉन पोर्टवरच्या प्रत्येक ओएनटीची रिसीव्ह पॉवर आधी काढून फाइलमध्ये साठवा. उणे २५ च्या खाली असलेल्यांकडे लाइनमन आधीच पाठवा. बहुतेक वेळा मळका कनेक्टर, भिंतीच्या कोपऱ्यात तीव्र वळलेली पॅच कॉर्ड किंवा हिरव्या, तिरक्या टोकाच्या एपीसी कनेक्टरला जोडलेला निळा, सरळ टोकाचा यूपीसी निघतो. मळका कनेक्टर डोळ्यांना स्वच्छच दिसतो. तपासायच्या स्कोपखाली मात्र मधल्या गाभ्यावर धुळीचा एखादा काळा कण बसलेला दिसतो. जोडण्याआधी दोन्ही टोकं पुसा, फक्त हातातलं नव्हे, पॅनेलच्या आतलंही. आणि चालू फायबरच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, इजा मात्र करतो.

फर्मवेअर: चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, फ्लॅशमध्ये जागा आहे का बघा, दोन कंट्रोल कार्ड असतील तर दोन्हींवर टाका. जुनी इमेज पुसू नका. रिलीज नोट्स पूर्ण वाचा, कारण काही आवृत्त्यांवर थेट उडी मारता येत नाही, मधली एक टाकावी लागते. आणखी एक, जे लोक विसरतात: नवी आवृत्ती काही वेळा कॉन्फिगरेशन आपल्या नव्या साच्यात बदलून घेते, आणि मग जुन्या आवृत्तीवर परतलात तर तिला ते वाचता येत नाही. अपग्रेडच्या आधीची कॉन्फिगरेशन फाइल उपकरणाच्या बाहेर ठेवा. बाहेर म्हणजे कामावरच्या लॅपटॉपवर. ज्या सर्व्हरपर्यंत पोचायला हाच राऊटर लागतो, त्याच्यावर नको. पुन्हा तेच, दुसरी वाट.

वर्षानुवर्षं बंद न केलेला राऊटर रीबूटनंतर वर येईलच असं नसतं. पॉवर सप्लाय, फ्लॅश, पंखे, काहीही दगा देऊ शकतं. सुटं कार्ड आणि सुटा पॉवर सप्लाय गोदामात नको, साइटवर हवा.

ग्राहकांना कळवणं: एसएमएस आणि मेल दोन्ही, तारीख, सुरू आणि संपायची वेळ, कोणती सेवा बंद राहील. ‘काही काळ सेवा खंडित होऊ शकते’ असलं मोघम लिहू नका, त्याने कोणाचंच नियोजन होत नाही. फायबरवरून फोन घेतलेली दवाखाने, वृद्धाश्रम, धोक्याचे अलार्म जोडलेली ठिकाणं वेगळी काढा आणि त्यांना फोन करून सांगा. ऑप्टसच्या त्या एका दिवशी २,१४५ जणांचे आपत्कालीन क्रमांकावरचे कॉल लागले नव्हते. इंटरनेट काही तास नसणं वेगळं आणि ॲम्ब्युलन्सला फोन न लागणं वेगळं. कॉल सेंटरला ग्राहकांच्या आधी सांगा, निदान त्याच वेळी तरी.

एक-दोन दिवस आधी डीएचसीपीची लीज (ग्राहकाला दिलेल्या आयपीची मुदत) आणि बदलणाऱ्या डीएनएस नोंदींचा टीटीएल (त्या किती वेळ साठवून वापरायच्या ती मुदत) कमी करा. ऐन रात्री कमी करून काही उपयोग नाही, कारण जुनी मुदत संपेपर्यंत जुनंच चालू राहतं. मॉनिटरिंगमधले अलार्म फक्त त्या उपकरणांपुरते दाबा. सगळे दाबलेत तर शेजारचा ओएलटी पडलेला सकाळी ग्राहकाकडून कळेल.

परतीची वेळ आधी ठरवा, घड्याळातली. जुन्या स्थितीवर यायला चाळीस मिनिटं लागत असतील आणि विंडो (कामाची ठरलेली वेळ) पहाटे पाचला संपत असेल, तर चार वाजता निर्णय. त्यानंतर ‘आणखी पाच मिनिटं, सापडतंय’ हे ऐकून घ्यायचं नाही. निर्णय कोण घेणार त्याचं नाव लिहा, आणि ते कीबोर्डवर बसलेल्या माणसाचं नसावं, कारण त्याला सोडवत नाही.

संध्याकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, दुसरी वाट पुन्हा वापरून बघा. हो, पुन्हा. आठवड्यापूर्वी चालली होती म्हणून आज चालेल असं नाही. मोडेम हँग होतात, सिमचा डेटा संपतो, कोणीतरी कन्सोलची केबल दुसऱ्या पोर्टला लावून जातं. साइटवर एक माणूस हवाच. त्याच्याकडे खोलीची आणि रॅकची, दोन्ही किल्ल्या हव्यात, दरवाजा कार्डाने उघडत असेल तर नेटवर्क नसताना तो उघडतो का ते विचारून ठेवलेलं हवं, लॅपटॉप चार्ज केलेला हवा, कन्सोल केबल हवी आणि तिच्या यूएसबी अडॅप्टरचा ड्रायव्हर आधी टाकलेला हवा. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा असतो, आणि त्या रात्री तिथे इंटरनेट नसतं.

सुरुवातीची स्थिती नोंदवा: चालू पीपीपीओई सेशन्स (ग्राहकांची लॉगिन), बीजीपी शेजारी (ज्यांच्याशी राऊट्सची देवाणघेवाण होते ते राऊटर) आणि प्रत्येकाकडून आलेल्या राऊट्सची संख्या, मॅक टेबल (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर ती यादी), इंटरफेसवरच्या एरर्स. नंतर हेच आकडे पुन्हा काढून शेजारी ठेवायचे. ‘सगळं चालू दिसतंय’ ही नोंद नव्हे.

राऊटर थेट बंद करू नका, आधी रिकामा करा, म्हणजे त्यावरचं ट्रॅफिक वळवा. राऊटिंग प्रोटोकॉल असेल त्याप्रमाणे: आयएस-आयएसमध्ये ओव्हरलोड बिट, ओएसपीएफमध्ये कमाल मेट्रिक, बीजीपीला ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाऊनची कम्युनिटी. ट्रॅफिक दुसरीकडे वळल्याचं आलेखावर दिसू दे, मग हात लावा. बदल करताना परतीचा टायमर लावून करा. जुनिपरच्या राऊटरवर कमिट कन्फर्म्ड, सिस्को आयओएसवर रीलोड इन. तुमचं लॉगिन तुटलं तर उपकरण स्वतःच जुन्यावर येतं. सगळं नीट झालं की टायमर रद्द करायला मात्र विसरू नका, नाहीतर यशस्वी काम डोळ्यांदेखत उलटतं.

बीएनजी वर आला की खरी गर्दी तेव्हा सुरू होते. हजारो ग्राहकांचे राऊटर एकाच वेळी सेशन मागतात, रेडियस सर्व्हर गुदमरतो, उत्तर उशिरा जातं, बीएनजी तोवर विनंती सोडून देतो, ग्राहकाचा राऊटर पुन्हा मागतो, आणि या चक्रात कोणालाच काही मिळत नाही. सेकंदाला किती नवी सेशन्स घ्यायची याची मर्यादा आधी लावा आणि ॲक्सेसकडचे पोर्ट एकेक करून उघडा. आकडा हळू वाढतोय म्हणून घाबरून पुन्हा रीबूट करू नका.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. पीपीपीओईत तो १४९२ असतो. मधल्या एखाद्या लिंकवर चुकला तर पिंग जातो, लॉगिन होतं, आणि काही साइट्स अर्ध्यावर लटकतात. मोठ्या आकाराचा पिंग पाठवा, फ्रॅगमेंट (तुकडे) न करण्याच्या सूचनेसह. लहान पिंगवर विश्वास ठेवू नका.

मग उरलेलं. कॉन्फिगरेशन सेव्ह करा. आकडे जुळवा, प्रकाशाचेही. ओव्हरलोड बिट काढा. अलार्म चालू करा, लीज आणि टीटीएल पूर्ववत. कॉल सेंटरला कळवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोणीतरी आलेख बघत बसलेलं हवं, पहाटेचं रिकामं नेटवर्क काहीच सिद्ध करत नाही. पुढचा ओएलटी किमान एक गर्दीची संध्याकाळ गेल्यावर घ्या. आणि नव्या फर्मवेअरवरही दुसऱ्या वाटेने एकदा आत शिरून बघा. अपग्रेडने कन्सोलचा स्पीड किंवा लोकल युजर बदललेला असू शकतो.