पहिली एअर रायफल: सोलापुरात कमी पैशात काय घ्यावं, काय तपासावं

पहिली रायफल घेताना बहुतेक घरांत सगळी रक्कम रायफलीवरच जाते. मग छर्ऱ्यांना पैसे उरत नाहीत, जाकीट कुणाचं तरी ढगळ मिळतं आणि सराव दोन महिन्यांत थंडावतो. म्हणून हातातल्या रकमेचे आधी दहा भाग पाडा. पाच रायफलीला, दोन जाकीट-पँट-ग्लोव्हला, दोन छर्ऱ्यांना, एक किरकोळ सामानाला. छर्ऱ्यांचा हिशेब सोपा आहे. आठवड्यात पाच दिवस रोज 40 शॉट धरले तर महिन्याला 850 च्या आसपास छर्रे लागतात, म्हणजे 500 चे जवळपास पावणेदोन डबे. हा खर्च दर महिन्याचा आहे, एकदाचा नाही.

स्पर्धेची रायफल 4.5 मिमी बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) असते. हा बोअर आणि 20 जूलपर्यंतची शक्ती या मर्यादेत परवाना लागत नाही, पण विक्रेत्याला ओळखपत्र द्यावं लागतं आणि पक्की पावती जपून ठेवावी लागते. 10 मीटरवरच्या स्पर्धेच्या रायफलीची ताकद साधारण 7.5 जूल, त्यामुळे अडचण येत नाही. माळावर पाखरांवर मात्र ती कधीही रोखू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या दाराशी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात एअरगनला सूट नाही.

खरेदीची घाई नको. आधी दोन-तीन महिने क्लबची रायफल वापरा. तेवढ्यात दस्त्याची लांबी कळते: कोपर काटकोनात वाकवून बट (दस्त्याचं मागचं, खांद्याला टेकणारं टोक) कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचायला हवं. नियमाने रायफल 5.5 किलोपर्यंत चालते, पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला साडेतीन-चार किलोच पुरे. जड रायफलीने कंबर मागे झुकते आणि ती सवय पुढे काही केल्या सुटत नाही.

पैसे अगदीच कमी असतील तर भारतीय बनावटीची, नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल घ्या आणि ओपन साईट (नळीवरच्या साध्या खाचेतून नेम धरायच्या) प्रकारात सुरुवात करा. घेताना नळी बंद करून बाजूला हलवून पाहा. सांध्यात जरा जरी खेळ जाणवला तर ती नको, कारण प्रत्येक शॉटला नेम वेगळ्या जागी बसेल. स्प्रिंग रायफल रिकामी चालवू नये, समोर हवेची उशी नसल्यामुळे पिस्टन थेट आदळतो. भरून तासन्तास ठेवली तर स्प्रिंग बसते.

थोडं जास्त असेल तर जुनी मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेली, बघा, आणि इथेच लोक फसतात. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, स्टायर या कंपन्यांच्या, सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलींचा सिलिंडर उत्पादनाच्या तारखेपासून साधारण दहा वर्षंच चालतो. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. ती उलटून गेली असेल तर स्पर्धेत ती रायफल चालणार नाही, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. म्हणून तारीख वाचूनच भाव करा. मग सिलिंडर भरून गेजचा (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीचा) फोटो घ्या आणि 24 तासांनी पुन्हा बघा. काटा खाली आला असेल तर सील गळतंय. शेवटी टेकू देऊन 10 मीटरवरून पाच छर्रे मारा. चांगल्या नळीतून हरभऱ्याएवढं एकच भोक पडतं. वेगवेगळी भोकं दिसली तर 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी या डोक्याच्या (पुढच्या टोकाच्या) मापांचे छर्रे पाळीपाळीने मारून बघा, दोष कधीकधी छर्ऱ्याचा असतो. टोक सपाट असलेलेच घ्या, त्याने नेमाच्या कार्डावर स्वच्छ गोल भोक पडतं.

सिलिंडरचा खर्च झेपत नसेल तर फाइनवर्कबाऊ 300 एससारखी जुनी स्प्रिंग मॅच रायफल उत्तम. आतली यंत्रणा मागे सरकत असल्यामुळे धक्का लागत नाही आणि हवेची कटकट नाही. फक्त ब्रीच सील (छर्रा भरायच्या जागेचं हवाबंद वायसर) आणि आतला बफर (धक्का झेलणारा तुकडा) बदलायला लागतो का, ते विचारा.

हवा हातपंपाने भरली तरी चालते, पण दर पाच मिनिटांनी थांबून पंप गार होऊ द्या. गरम पंपातलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह गंजतो. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. एप्रिल-मेमध्ये गच्च भरू नका. 25 अंशांवर 200 बार (बार हे दाबाचं माप) भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत 60 अंशांवर गेला तर दाब 223 बारच्या आसपास जातो. उन्हाळ्यात 180 वर थांबा आणि रायफल गाडीत ठेवूच नका.

जाकीट अंगाबरोबर हवं. युनिफॉर्म शिवणारे कारागीर इथे भरपूर आहेत, त्यांच्याकडून बटणं सरकवून घेता येतील. पण आत जास्तीचं अस्तर लावू देऊ नका, कापडाची जाडी 2.5 मिमीच्या वर गेली की तपासणीत जाकीट नापास होतं. ग्लोव्हची एकूण मर्यादा 12 मिमी. उभं राहून मारायच्या प्रकारात रायफलीचा पट्टा चालत नाही, तो घेऊ नका.

घरात 10 मीटरची जागा नसेल तर 5 मीटरवर सराव करा. कार्डाचं काळं वर्तुळ 30.5 मिमी असतं, ते अर्धं, म्हणजे 15.25 मिमी छापून घ्या. केंद्र जमिनीपासून 1.4 मीटरवर लावा. मागे लाकडी पेटीत 3 मिमीचा लोखंडी पत्रा खाली झुकवून बसवा, छर्रा परत उडत नाही. कार्डाची बाजू सोडून पेटी उघडी ठेवू नका. शिसं हाताला लागतं, म्हणून सराव झाल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.