एसआरटी पळायची असेल, तर पाणी वर कसं चढतं ते आधी बघा

एसआरटी म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा, डिसेंबरात होणारी डोंगरातली धावण्याची शर्यत. तिच्या वाटेवर राजगडाच्या संजीवनी माचीखालून निघालेली डोंगरधार तोरण्याकडे जाते. मध्ये एका खिंडीत भुतोंड्याला जाणारा रस्ता तिला ओलांडतो. पाण्याचे जार टेम्पोतून तिथवर येतात, पुढे गाडी नाही. 20 लिटरचा जार माणसाच्या खांद्यावरूनच धारेवर चढतो. स्वयंसेवक म्हणून पहिल्या वर्षी मी एक जार उचलला. चार वेळा टेकवला आणि 40 मिनिटांनी वर पोचले. जवळच्या वाडीतल्या मुलाने तेवढ्या वेळात दोन पोचवले होते. दुपारी उन्हाने तापलेला एक धावपटू आला, दोन घोट प्यायला आणि अर्धा लिटर डोक्यावर ओतून पुढे गेला. त्याच्यावर रागावता येईना, कारण आधीच्या वर्षी त्याच जागी मीही तेच केलं होतं.

तेव्हापासून सिंहगड-राजगड-तोरणा पळायची तयारी कशी करू, असं कुणी विचारलं की मी या जारापासून सुरुवात करते. धनकवडीला आमचं औषधांचं दुकान आहे. तिन्ही गड घेणारा पल्ला मी दोनदा पूर्ण केला आणि तीनदा धारेवर पाणी दिलं. पुढे लिहिलंय ते याच पाच डिसेंबरांमधलं आहे. वाट आणि पाण्याच्या जागा थोड्याफार बदलतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा छापून घ्या आणि घरात रोज दिसेल असा लावा.

पाय तयार करणं

रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेने. पहिला महिना एकदा वर-खाली, दुसरा महिना दोनदा, शेवटी सलग तीनदा. मधल्या वारी मला दुकानामुळे तासाभराचाच वेळ मिळायचा, तो पर्वतीवर. 103 पायऱ्या, दहा फेऱ्या. शर्यतीच्या महिनाभर आधी एक रात्र कात्रज ते सिंहगड चालून काढा. एक टेकडी उतरली की दुसरी उभी, आणि समोर फक्त हेडलॅम्पचा, म्हणजे डोक्याला बांधलेल्या दिव्याचा, गोल उजेड. तिन्ही गड करताना शेवटी मन जसं होतं, त्याची ओळख मला त्या रात्री झाली.

चढ चाला. हात मांड्यांवर टेकवा, पावलं लहान ठेवा. माझ्या पाहण्यात पहिल्यांदा येणारे बरेच जण सिंहगडावर पळत चढतात आणि राजगडाच्या पायथ्याशी बसून राहतात.

सराव खरा करायचा तो उताराचा. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराला ब्रेक लावतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना इजा होते. म्हणून चढाने पाय दमतात आणि उताराने दुखतात. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि त्याखाली मुरूम. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून विंझरच्या बाजूला उतरणाऱ्या सोंडेवर हा घसारा पहिल्यांदा भेटतो. तिथे मागे झुकलात तर टाच निसटते. गुडघे सैल ठेवा, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवा. बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात, आणि पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

मीठ, पाणी आणि गोळ्या

इथे दुकानदार म्हणून कळकळीने सांगते. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात आणि छोटं 200 मिलीमध्ये, एवढंच प्रमाण. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ढवळून पिणारे मी पाहिलेत, त्यांना पुढच्या चढावर उलट्या होतात. नुसतं पाणी ढोसत राहणंही तितकंच वाईट. रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं सुजतात, अंगठी रुतते, मळमळतं, डोकं दुखतं, आणि पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. असा कुणी दिसला तर त्याला आणखी पाणी पाजू नका, बसवा आणि सर्वांत जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा. एरवी तहान लागेल तसं प्या. बरोबर उकडलेला बटाटा मिठात बुडवून खा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या शर्यतीच्या दिवशी घेऊ नका, आधीही नको आणि मधेही नको. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा आणखी घटवतात. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर शर्यत तिथेच थांबवून डॉक्टर गाठा.

पाठपिशवीत दीड ते दोन लिटर पाणी, स्वतःचा घडीचा पेला, शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. हेडलॅम्पमध्ये नवे सेल घाला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तोरण्याचा उतार अंधारात उतरावा लागला तर फोनचा उजेड पुरत नाही.

पॉइंटवर कसं यायचं

पाण्याच्या जागेला आम्ही पॉइंट म्हणतो. तिथले लोक आदल्या रात्रीच खालच्या गावात येऊन राहतात. त्या रात्री कुणाच्या तरी चुलीवर बटाटे उकडतात. पहाटे अंधारात वर चढायचं, ताडपत्री ताणून बांधायची, संत्री सोलून ठेवायची, मग उभं राहायचं. पहिल्या धावपटूपासून शेवटच्यापर्यंत आठ-नऊ तास सहज जातात आणि त्यात सावली असते ती ताडपत्रीएवढीच.

पॉइंट दिसला की पन्नास पावलं आधी मनात ठरवा: पाणी किती, मीठ किती, खायचं काय. बाटलीचं झाकण चालता चालताच उघडा. पोचल्यावर आधी आपल्या बिबवरचा, म्हणजे अंगावर लावलेल्या पट्टीवरचा, क्रमांक मोठ्याने सांगा. वही घेऊन बसलेली मुलगी क्रमांक आणि वेळ लिहिते, तो शर्यतीतला सर्वांत महत्त्वाचा कागद. एका पॉइंटवरून निघालेले आणि दुसऱ्यावर पोचलेले यांचा मेळ बसला नाही, तर मधल्या धारेवर कुणीतरी पडलंय असं धरून माणसं शोधायला निघतात. जाकिटाखाली लपलेला बिब वाचायला तिला तुमच्या मागे चार पावलं पळावं लागतं, आणि मागचे तीन जण तेवढ्यात नोंदीशिवाय निघून जातात.

पाणी भरताना बाटली खाली धरा, सांडू देऊ नका. टोपी भिजवायची असेल तर विचारा. खिंडीत टेम्पोजवळ "घ्या की" म्हणतील, वर धारेवर कदाचित नाही म्हणतील, आणि दोन्ही उत्तरं तशीच मानून घ्या. केळ्याचं सालसुद्धा पिशवीतच टाका. माकडं आणि गुरं ते ओढतात आणि कचरा पसरतो. तो वेचणारा माणूस सर्वांच्या मागून चालत येत असतो. त्याला स्वीपर म्हणतात. वाटेवर बांधलेल्या फिती सोडत, शेवटच्या धावपटूच्या चालीने तो पूर्ण पल्ला चालतो. त्याच्या वेळेची बातमी कुठे येत नाही.

बसायचं असेल तर बसा. माझ्या पहिल्या वर्षी गुंजवणे गावाजवळ मी उभ्याउभ्या घाईने पाणी पीत होते. तिथल्या एका मावशींनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, आधी बस. पाणी काय पळून जातंय?" त्यांनी लिंबू पिळून मीठ घातलं, माझ्या बुटातला खडा काढला. राजगड मी त्या पाच मिनिटांच्या जोरावर चढले.

वाटेबद्दल थोडक्यात

साखर गाव ते गुंजवणे हा सपाट भाग उन्हात कंटाळवाणा वाटतो, तिथे पळून घ्या. राजगडाच्या चोरदरवाजाजवळ रेलिंग धरून चढताना सहलीला आलेली मंडळी उतरत असतात. त्यांच्याबरोबर लहान मुलं असतात, थांबून वाट द्या. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघायला एक मिनिट थांबलात तरी चालेल, मी दोन्ही वेळा थांबले. अळू दरवाजाखालचा उतार बसून उतरायची लाज बाळगू नका. खिंडीनंतरच्या धारेवर झाड जवळजवळ नाही. शेवटी तोरण्याच्या बुधला माचीकडे लोखंडी शिडी लागते. तिथे उभा असलेला गावातला मुलगा सांगेल तिथेच हात आणि तिथेच पाय. तो त्या कड्यावर लहानपणापासून वावरलाय.

सोडायची वेळ आली तर

जमत नसेल तर सोडा, पण सांगून सोडा. एका वर्षी आमच्या पॉइंटवरून निघालेला एक धावपटू पुढे पोचलाच नाही. अंधार पडल्यावर सहा जण धारेवर हाका मारत फिरले, त्यात दोघे दिवसभर उभे राहिलेले होते. रात्री दहाला त्याच्या घरच्यांनी फोन उचलला, तो जेवून झोपला होता. कुणाच्या तरी मोटरसायकलवरून खाली उतरला होता, एवढंच. त्या दोघांपैकी एकाचा पाय काळोखात मुरगळला. खिंडीतून, गावातून, कुठूनही बाहेर पडा, पण आधी बिब काढून पॉइंटवर द्या किंवा नकाशावर छापलेल्या क्रमांकावर फोन करा. कट-ऑफ, म्हणजे पॉइंटवर पोचायची शेवटची वेळ, उलटल्यावर कुणी थांबवलं तर वाद घालू नका. थांबवणाऱ्याला तुमच्या मागचा अंधार दिसत असतो.

आभार कसे मानायचे

"थँक्यू" पुरतं, नजरेला नजर देऊन म्हटलं तर. दमून बोलवत नसेल तर हात वर करा, तोही पोचतो. दुसऱ्या दिवशी आयोजकांना चार ओळी लिहा आणि त्यात पॉइंट आणि साधारण वेळ घाला, म्हणजे निरोप नेमक्या माणसापर्यंत जातो. गावातल्या मावशी-दादांना तो कागदावर पोचत नाही, म्हणून मी जानेवारीत एका रविवारी गुंजवण्याला जाऊन त्यांच्या हातची भाकरी विकत घेऊन खाते आणि मागच्या वर्षीचा फोटो छापून देते.

आणि एक वर्ष पळू नका, पाणी द्या. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या 100 मैलांच्या शर्यतीत धावण्यासाठी 8 तासांचं स्वयंसेवेचं काम करून दाखवावंच लागतं. आपल्याकडे सक्ती नसली तरी तेवढे तास प्रत्येकाने द्यावेत असं मला मनापासून वाटतं. नाव दिलंत तर कानटोपी आणा, पहाटे धारेवर वारा कापतो. स्वतःचा डबा आणि पेला आणा. वही तुमच्याकडे आली तर पेनाऐवजी पेन्सिल घ्या. हात दिवसभर लिंबाच्या रसाने ओले असतात, शाईचे आकडे पुसले जातात, आणि रात्री त्या आकड्यांवरूनच सगळे खाली उतरले की नाही ते ठरतं.