एक मांडव, दोन लग्नं
दाट तिथीला कोल्हापुरात स्टेज-फुलांचं बिल बघून डोळे पांढरे होतात. हॉल बुक करतानाच मॅनेजरला विचारा, आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी कुणाचं कार्य आहे?

१. त्या घरच्यांना गाठून डेकोरेटर एकच ठरवा.

२. स्टेज, पडदे, लायटिंग तेच राहू द्या. बांधणी, उतरवणी आणि टेम्पोचं भाडं एकदाच लागतं. खरा पैसा तिथंच जातो.

३. झेंडूच्या माळा दुसऱ्या दिवशीही चालतात. गुलाब मान टाकतो, तो पहाटे शिंगोशी मार्केटमधून थोडाच आणून फक्त दारात आणि स्टेजसमोर लावा. नावाची पाटी मात्र आठवणीनं बदला, नाहीतर पाहुणे दुसऱ्याच नवरीचं नाव वाचत आत येतील!

पावत्या दोन्ही घरांच्या वेगळ्या घ्या. मोडतोड कुणी भरायची, तेही आधीच लिहून ठेवा.