मुलांची माफी कशी मागायची (ख्रिस्ती आईबापांसाठी, आणि मोठ्या झालेल्या मुलांसाठीपण)

सगळ्यांना सलाम. प्रभूची प्रार्थना आपल्या घरात रोज होते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड" हे पोरं चार वर्षांची असल्यापासून घडाघडा म्हणतात, पण त्याच घरात आईने किंवा बापाने पोराला "माझं चुकलं" म्हटलेलं किती जणांनी ऐकलंय? मी तरी लहानपणी ऐकलं नाही. आईवडील फार प्रेमळ होते, पप्पा मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पंचकमिटीवर, पण कधी हात उठला तर अर्ध्या तासाने मम्मी "चल, जेवून घे" म्हणायची आणि त्या दिवशी भाकरीवर तूप जरा जास्त असायचं, तीच माफी. आम्हाला कळायचंही. फक्त नक्की काय चुकलं, माझं वागणं की त्यांचं मारणं, हे कोणी बोलायचंच नाही, आणि ते तसंच पोटात राहायचं.

मग मी आई झाले आणि त्याहून वाईट वागले. सांगते, कारण ही चूक आपल्याच लोकांत जास्त होते. माझी मुलगी १६ वर्षांची असताना मी तिचा मोबाईल चोरून वाचला, एका मुलाशी बोलणं चालू होतं, साधंच होतं पण मी घाबरले, आणि त्याच आठवड्यात घरगुती प्रार्थनेला गेले तर तिथे सगळ्या बायकांसमोर डोळ्यात पाणी आणून म्हटलं की माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं मन भलतीकडे गेलंय. मला तेव्हा वाटलं मी किती विश्वासाने देवासमोर ओझं ठेवलं. रविवारी उपासना सुटल्यावर एका आंटीने चर्चच्या पायऱ्यांवर माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळा, आम्ही सगळ्या प्रार्थना करतोय हं, त्या मुलाला विसर." मुलीने माझ्याकडे बघितलं फक्त. तोंडातून एक शब्द नाही. त्यानंतर कितीतरी महिने ती चर्चला यायची, गाण्याचं पुस्तक उघडून उभी राहायची, पण ओठ हलायचे नाहीत.

मी पहिली माफी मागितली ती एकदम चुकीची. "सॉरी बेटा, पण तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी, आईचं काळीज तुला आत्ता नाही कळायचं." ती "ओके मम्मी" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आता मला कळतं की त्या वाक्यात माफी दोन अक्षरांची होती आणि बाकी सगळा माझा बचाव. तर पहिली गोष्ट हीच, "पण" शब्द काढून टाका. "चुकलं पण तू पण उलट बोललास", "चुकलं पण मी दमले होते", "चुकलं पण तुझे पप्पा असेच आहेत", हे सगळं पोराला असंच ऐकू येतं की चूक शेवटी तुझीच. दमला असाल तर ते नंतर कधीतरी सांगा, दुसऱ्या दिवशी सांगा, माफीच्या वाक्यात नको.

दुसरं, काय केलं ते नावानिशी सांगा. "काही चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नाही, ती वर्षाअखेरच्या उपासनेत चालते (तिथेही मला खटकते खरं तर). मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा आधी कागदावर लिहून काढलं होतं, आणि तिच्या खोलीत खाली चटईवर बसून म्हटलं, "मी तुला न विचारता तुझा मोबाईल वाचला. मग तुझी गोष्ट आठ बायकांना सांगितली आणि प्रार्थनेचं नाव पुढे केलं. त्यामुळे चर्चमध्ये तुझी मान खाली गेली. माझं चुकलं. मला माफ कर." एवढंच. ती पलंगावर होती, मी खाली, हे मुद्दाम केलं नव्हतं, पण बरं झालं. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते वल्हांडण ह्या यहुदी सणाच्या आदल्या संध्याकाळी, कमरेला रुमाल बांधून, आणि पाय धुणारा खालीच असतो. प्रभू स्वतःबद्दल सांगतो की मी मनाचा सौम्य व लीन आहे. आपण आईबाप ह्यातलं सौम्य कधीमधी होतो, लीन व्हायचं म्हटलं की जीवावर येतं, वाटतं पोरं डोक्यावर बसतील. माझ्या अनुभवात बसत नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मी मोबाईलची वेळ ठरवली तेव्हा ती कमी भांडली.

तिसरं, आणि हे बहुतेक जण टाळतात, नुकसान जिथे केलं तिथे जाऊन भरा. जकातदार जक्कय प्रभूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरला तेव्हा तो नुसता रडला नाही, ज्याचं काही अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत देतो म्हणाला. मी पुढच्या घरगुती प्रार्थनेत त्याच बायकांना सांगितलं की मागच्या वेळी मी जे बोलले ते माझ्या मुलीचं होतं, मला सांगायचा हक्क नव्हता, कृपा करून ह्यापुढे तिच्याशी त्या विषयावर कोणी बोलू नका. लाज वाटली खूप. पण मुलगी तोपर्यंत "ओके" वरच होती, हे तिला कळल्यावर पहिल्यांदा रडली. पोराला नातेवाइकांसमोर बोललात तर माफी त्याच नातेवाइकांसमोर, एकटं गाठून नाही.

चौथं म्हणजे "केलंस ना माफ?" असं विचारायचं नाही. लगेच मिठी मागायची नाही. आणि बायबलचं वचन काढून दाखवायचं तर अजिबात नाही, "सातांच्या सत्तर वेळा माफ करायला सांगितलंय ना संडे स्कूलमध्ये?" असं म्हणणारे पप्पा मी पाहिलेत. ते वचन प्रभूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं, मार खाल्लेल्या पोरावर वापरायला दिलेलं नाही. तसंच "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" हे आपल्याला तोंडपाठ, पण इफिसच्या पत्रात सहाव्या अध्यायात त्याच्या लगेच खाली बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, आणि कलस्सैच्या पत्रात कारणही दिलंय, की ती खिन्न होतील. चिडलेलं पोर निदान बोलतं तरी, खिन्न झालेलं पोर "ओके मम्मी" म्हणतं.

कौटुंबिक प्रार्थनेबद्दल वेगळं सांगायलाच हवं. रात्री सगळे बसलेत, दिवसभराचं भांडण तसंच आहे, आणि आपण डोळे मिटून सुरू करतो, "हे प्रभू, ह्या मुलाला सुबुद्धी दे, अभ्यासात लक्ष दे, आईबापाला उलट उत्तर देण्याची सवय काढून टाक." हे टोमणेच आहेत, फक्त डोळे मिटून मारलेले, आणि पोराला उत्तरही देता येत नाही कारण प्रार्थना चालू आहे. असं करत असाल तर आजपासून बंद करा. त्याऐवजी आपलं स्वतःचं एक वाक्य घाला, "प्रभू, आज मी सकाळी ओरडले ते चुकलं", आणि पोराचं पाप त्याला स्वतःला सांगू द्या किंवा नको सांगू दे. आणि देवासमोर कबूल केलं म्हणजे पोरासमोर करायची गरज नाही असंही नसतं. कॅथलिक असाल आणि फादरांकडे पापनिवेदन केलं असेल तरी घरी बोलायचं राहतंच. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की दान वेदीजवळ आणलं आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध, हे नीट वाचा, म्हणजे उठून जायचं कोणी ते आपोआप ठरलं.

आता उलटी बाजू, पोराने चूक केली आणि आपल्याला माफ करायचंय. इथे मला बायबलमधला दावीद राजा आणि त्याचा मुलगा अबशालोम आठवतो. अबशालोमाने भावाचा खून केला, पळून गशूरला ३ वर्षं राहिला, मग दावीदाने त्याला परत आणवलं पण म्हणाला की त्याने माझं तोंड बघायचं नाही, आणि मुलगा यरुशलेमेतच २ वर्षं राहिला बापाचा चेहरा न पाहता. घरी आणलं, पण तेव्हा माफ केलं नाही. पुढे बंड झालं, मुलगा मेला आणि बाप "माझ्या पुत्रा अबशालोमा" करत रडत बसला. आपल्याकडे असं कितीतरी घरात चालतं, मुलीने समाजाबाहेर लग्न केलं, वर्षाने घरी घेतलं, पण पप्पा ती आली की पेपर वर धरतात. ह्यापेक्षा सरळ भांडलेलं बरं. प्रभूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या बापाने काय केलं बघा, बापाची संपत्ती उडवून मुलगा वाटेत भाषण पाठ करत येतो आणि त्याचा शेवट आहे "मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा", पण प्रत्यक्षात ते शेवटचं वाक्य तो बोलतच नाही, कारण बाप त्याआधीच चाकरांना झगा आणायला सांगून मोकळा. पोराने माफी मागायला सुरुवात केली की पूर्ण नाक घासून घ्यायची आपल्याला सवय आहे, ती सोडा. आणि तोच बाप नंतर रुसून बाहेर उभ्या राहिलेल्या मोठ्या मुलाची समजूत घालायलाही स्वतः बाहेर जातो. घरातलं शहाणं पोर पण बघा, एकाला माफ करताना त्याला गृहीत धरलं जातं.

माफ करायचं म्हणजे काही झालंच नाही असं दाखवायचं नाही. मत्तय १८ मधल्या दाखल्यात राजा एका दासाचं मोठं कर्ज सोडतो, पण तो दास सोबतीच्या दासाला सोडत नाही, त्या सोबतीच्या दासाचं कर्ज १०० दीनार आहे, आणि १ दीनार म्हणजे १ दिवसाची मजुरी, तर ते तीनेक महिन्यांचे पैसे झाले, थोडे नाहीत. किराणा दुकानात उधारीच्या वहीत आकडा आधी लिहिलेला असतो, मगच त्यावर आडवी रेघ मारता येते. पोराने घरातले पैसे घेतले असतील तर "तू घेतलेस, मला वाईट वाटलं, परत कसे देणार ते ठरवू" हे स्पष्ट बोला आणि रेघ मारली की मारली, दिवाळीला पाहुण्यांसमोर परत ती वही काढायची नाही.

मोठ्या झालेल्या मुलांनो, तुमच्यासाठी. काही आईवडील कधीच "चुकलं" म्हणणार नाहीत, माझे पप्पा नाहीच म्हणाले, त्यांनी एकदा माझ्या मुलीला म्हटलं की तुझ्या मम्मीला मी लहानपणी फार मारलं गं, आणि मी स्वयंपाकघरात ऐकत होते. मी ती माझी माफी म्हणून घेतली. तुमच्याकडेही अशी आडवाटेने येत असेल तर घ्या, पण तूप-भाकरीवर भागत नसेल तर शांतपणे बोलून दाखवायलाही हरकत नाही, त्याने मान कमी होत नाही.

आणि जिथे दारू पिऊन मारहाण चालू आहे किंवा कोणी अंगाशी वाईट वागतंय तिथे हे वरचं काहीच लागू नाही. तिथे आधी सुरक्षित व्हायचं. माफ केलं म्हणजे त्या घरात राहायलाच पाहिजे असं वचनात कुठेही नाही. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, फुकट लागतो, आणि कोणी पाळक किंवा आंटी "घरातली गोष्ट घरात ठेव" म्हणाली तर ऐकू नका.

एक वेळेबद्दल राहिलं. बऱ्याच जणांना हे सगळं आठवतं ते प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री, शनिवारी, कारण करिंथकरांच्या पहिल्या पत्रात त्याआधी आत्मपरीक्षण करायला सांगितलंय आणि सकाळी भाकर घ्यायचीय. मग साडेदहाला पोराला उठवून घाईघाईने सॉरी. पोराला बरोबर कळतं की मम्मीला उद्यासाठी मोकळं व्हायचंय. मंगळवार-बुधवारीच बोला, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, म्हणजे त्याला रागवायला आणि गप्प राहायला दोनतीन दिवस मिळतात, आणि रविवारी तो शेजारी येऊन बसला नाही तरी त्याला हाक मारू नका.