आजोबांचं घड्याळ चकचकीत करू नका: जुनी घड्याळं जमवताना आणि विकताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे चावीची जुनी घड्याळं अजून पुष्कळ घरांत आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात फौजेतून सुट्टीवर येताना आणलेली, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली, लग्नात सासऱ्यांनी जावयाच्या मनगटावर बांधलेली. या घड्याळांना पैसे येतात असं कुणाकडून तरी कळतं, मग ती कपाटातून बाहेर निघतात आणि सगळ्यात आधी जातात पॉलिशला. नेमकी तिथेच त्यांची किंमत उतरते. संग्राहक पैसे मोजतो ते घड्याळ कारखान्यातून जसं निघालं तसं राहिलंय यासाठी, आणि एकदा घासून गेलेलं परत आणता येत नाही.

डायल रंगवून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. डायलवर डाग पडलेत, कडेला पिवळेपणा आलाय, म्हणून दुकानदार सांगतो, ‘नवी करून देतो.’ म्हणजे जुना रंग काढून नवा रंग आणि नवी छपाई. जुन्या घड्याळात सर्वात जास्त किंमत डायलची असते. डागाळलेली पण मूळ डायल ही रंगवलेल्या सुंदर डायलपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त भावाला जाते.

विकत घेणाऱ्यालाही हे ओळखता आलं पाहिजे, कारण बाजार अशा घड्याळांनी भरलाय. जुनी मशीन, रंगवलेली भडक डायल आणि मिळतील ते काटे जोडून केलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. सीको ५, फेव्हर-ल्यूबा आणि एचएमटी यांत हा प्रकार सर्रास चालतो. भिंग घेऊन बघा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या आहेत का? मिनिटांच्या रेघा सहाच्या आकड्यापाशी वेड्यावाकड्या झाल्यात का? फेव्हर-ल्यूबासारख्या स्विस घड्याळात ‘स्विस मेड’ ही तळाची ओळ गायब आहे का? मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा असू शकतो.

आपल्या भागात एचएमटीच्या ‘जवान’ या मॉडेलला विशेष मागणी, कारण घरोघरी फौजी. म्हणूनच त्याच्या नकली डायलीही खूप फिरतात. साध्या ‘जनता’च्या मशीनवर ‘जवान’ छापलेली डायल बसवणं अवघड नाही. चाळीस-पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळाची डायल कोऱ्या कागदासारखी दिसत असेल तर आधी संशय घ्या, मग किंमत विचारा.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवरूनही बरंच कळतं. साधारण १९६० च्या दशकापर्यंत या रंगात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं, नंतर ट्रिशियम आलं. ट्रिशियम सुमारे १२ वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे त्या काळातली डायल आता चमकत नाही किंवा जेमतेम चमकते. रेडियम स्वतः १६०० वर्षांत निम्मं होतं, पण त्याच्यासोबतचा चमकणारा पदार्थ कधीच मेलेला असतो. तेव्हा १९६५ चं म्हणून दाखवलेलं घड्याळ रात्रभर लख्ख उजळत असेल, तर तो रंग नंतर भरलाय. आणि रेडियमची डायल घरी उघडून खरवडू नका. ती धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) घासणं आणि मागचं कोरीव नाव पुसणं

पॉलिशच्या चाकावर धातूचा थर जातो. केसच्या धारदार कडा गोल होतात, पट्टा अडकवायची शिंगं बारीक होतात, जाणकाराच्या ते एका नजरेत लक्षात येतं. ओरखडे राहू द्या. काच मात्र अपवाद: जुन्या घड्याळांची काच बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते, तिच्यावरचे ओरखडे हलक्या हाताने घासून काढले तर चालतं.

मागच्या झाकणावर कारखान्याचं नाव, सेवेची वर्षं, पलटणीचा क्रमांक कोरलेला असेल, तर तो पुसून टाका असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पॉल न्यूमन या हॉलिवूड नटाची रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेली. तिच्या मागे त्याच्या बायकोने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. ते घड्याळ त्याचंच, हे त्यातून सिद्ध होत होतं. आपल्या घड्याळाला तसा भाव येणार नाही, पण नियम तोच आहे. आजोबांचा गणवेशातला फोटो, निवृत्तीच्या समारंभाचं पत्र, कँटीनची पावती, मूळ डबी, हे सगळं घड्याळासोबत एका पाकिटात ठेवा.

‘ऑइलिंग करून देतो’ यावर समाधान मानणं

बऱ्याच ठिकाणी ऑइलिंग म्हणजे मशीन न उघडता पेट्रोलमध्ये बुडवून काढणं आणि वर तेलाचा थेंब सोडणं. घड्याळ चार महिने चालतं, पण आत घाण तशीच राहते आणि चाकांचे आस झिजत जातात. घड्याळ देण्याआधी विचारा: मशीन पूर्ण सुटी करणार का? मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) बघणार का? दुरुस्तीनंतर टाइमग्राफरवरचे (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे दाखवणार का? सातारच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत विचारपूस केली तर जुन्या पिढीतले मन लावून काम करणारे घड्याळजी कोण, हे कळतं. ते एक दिवस जास्त घेतील, शंभर-दोनशे जास्त मागतील. द्या. असे हात आता कमी होत चाललेत.

एचएमटीसाठी सुटे भाग अजून मिळतात. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला लागलेल्या या कंपनीची चावीची १७ ज्वेलची (घर्षण कमी करणाऱ्या १७ खड्यांची) ०२३१ ही मशीन ‘जनता’, ‘पायलट’ अशा अनेक मॉडेलांत बसलेली आहे. २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला तरी भंगारातल्या घड्याळांतून भाग निघतात.

महागडं घड्याळ कंपनीच्या सेंटरला देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे जुनी डायल, जुने काटे काढून नवे बसवले जाऊ शकतात. ‘डायल, काटे बदलू नयेत, केस पॉलिश करू नये’ हे कामाच्या पावतीवरच लिहून घ्या.

घड्याळ बंद पडलं की हलवणं, ठोकणं

आधी लक्षणं बघा. चावी अडखळून थांबते आणि घड्याळ चालत नाही, तर लोक म्हणतात ‘चावी जास्त झाली’. तसा बिघाड नसतो. चावी पूर्ण भरलेली आहे आणि आतलं तेल वाळून घट्ट झालंय. चावी कितीही फिरवली तरी अडतच नाही, तर हाताच्या चावीच्या घड्याळात बहुधा मेनस्प्रिंग तुटलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या घड्याळात, मात्र चावी अडत नाही, तशीच रचना असते. दर मध्यरात्रीच्या आसपास घड्याळ थांबत असेल, तर तारीख बदलायला लागणारी ताकद मशीनकडे उरलेली नाही, म्हणजे सर्व्हिसिंगची वेळ झाली.

काल बरोबर चालणारं घड्याळ आज अचानक पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं, तर चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरचं चुंबक, फ्रीजचं दार, यांच्याजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ न्या. सुई जोरात हलली तर चुंबकत्व असण्याची शक्यता मोठी. घड्याळजी दोन मिनिटांत ते उतरवून देतो.

रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दात मोडतो. चावी मनगटावर असताना देऊ नका, दांडी वाकते.

पाणी

झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराच्या रिंगवर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात कास किंवा महाबळेश्वरला जाताना जुनं घड्याळ घरी राहू द्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

सांगलीकरांसाठी हे जास्त सांगावंसं वाटतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत घराघरांत पाणी शिरलं, आणि कपाटातल्या वस्तूंत घड्याळंही होती. पुराचं पाणी आत गेलेलं घड्याळ चालू करून बघू नका, चावी देऊ नका, उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. तांदूळ मशीनमधली माती काढत नाही आणि वाळू लागलं की गंज धरतो. शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी जमलं तर उत्तम, घड्याळजीकडून उघडून घ्या. पूरपट्ट्यात राहत असाल तर संग्रह वरच्या मजल्यावर ठेवा आणि प्रत्येक घड्याळाचे फोटो व क्रमांक मोबाइलबाहेरही जपा.

‘भाव चढतोच’ या भरवशावर महाग घड्याळ घेणं

शोरूममधून घेतलेलं बहुतेक महागडं घड्याळ बाहेर पडताच उतरतं. छापील किमतीच्या वर विकली जाणारी मॉडेलं रोलेक्स, पाटेक फिलिप, ओदेमार पिगे अशा मोजक्या कंपन्यांची, आणि त्यांतलीही सगळी नाहीत. २०२१ पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत हा सेकंडहँड बाजार भडकला, नंतर चांगलाच खाली आला. त्या शिखरावर कर्ज काढून घेणाऱ्यांचे हाल झाले. आवडतं आणि रोज घालणार आहे, एवढं कारण असेल तरच घ्या. १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घ्यायचा आयकर) गोळा करायचा असतो, तेव्हा पक्कं बिल आणि पॅन याशिवाय व्यवहार करू नका.

विकताना जाहिरातीतले मागितलेले भाव धरू नका, प्रत्यक्षात कितीला गेलं ते शोधा. सोन्याचं घड्याळ थेट सराफाकडे नेऊ नका, तो वजनाचा भाव देणार आणि केस वितळवणार. ७५० चा शिक्का म्हणजे १८ कॅरेट. ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर तो फक्त मुलामा, त्यात सोन्याची किंमत शोधू नका. मशीन, झाकण, क्रमांक यांचे फोटो उघडून काढा, काय बदललंय ते स्वतःहून सांगा. डायल रंगवलेली असेल तर तसं लिहा. गिऱ्हाईक कमी किंमत देईल, पण माल परत पाठवणार नाही.