स्टुडंट फिल्ममध्ये फिल्टरनं मूड कसा आणायचा

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये उदास प्रसंगाला मी निळा फिल्टर लावला. नायिका उदास सोडाच, चक्क आजारी दिसली. निळा रंग बिचारा निर्दोष होता. मीच तो सरसकट सगळ्या चित्रावर ओतला होता.

१. एडिट लॉक होईपर्यंत, म्हणजे कट पक्के ठरेपर्यंत, फिल्टरला हात लावू नका. मग प्रत्येक सीनपुढे एकच शब्द लिहा: घुसमट, धाकधूक, निवांतपणा. मूड सीनमध्येच पालटत असेल तर नेमका कुठे, तेही लिहा.

२. आधी करेक्शन (शॉटचे रंग-उजेड सारखे करणं), मग ग्रेडिंग (मूडचा रंग चढवणं). उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा निळसर उजेड साधारण ५६०० केल्विन, टंगस्टन बल्बचा पिवळसर ३२०० केल्विन. दोन्हींत शूट केलेले शॉट आधी एकमेकांशी जुळवून घ्या, नाहीतर एकच फिल्टर दर कटला वेगळा दिसेल. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत वेव्हफॉर्म (उजेड मोजणारा आलेख) आणि व्हेक्टरस्कोप (रंग मोजणारा आलेख) आहेत. रात्री जागून थकलेल्या डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा.

३. रंग सावल्यांमध्ये सोडा, चेहरा वाचवा. व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची तिरकी रेघ असते. चेहरा तिच्या आसपास राहिला की माणूस माणसासारखा दिसतो. तयार लट (LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) लावलाच तर त्याची तीव्रता निम्म्यावर आणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. बहुतेक वेळा आणखी कमी करावासा वाटतो.

४. आता आवाज. मूडचं खरं काम इथेच होतं, आणि विद्यार्थी इथे पोचतात तेव्हा सबमिशनला एक रात्र उरलेली असते.

समजा, एक मुलगी खोलीत एकटी बसलीय आणि शेजारच्या खोलीत पार्टी चाललीय. पार्टीच्या संगीताला लो-पास फिल्टर (फक्त खालचे आवाज जाऊ देणारा) लावा आणि ५०० हर्ट्झच्या वरचं कापा. भिंत वरच्या पट्टीचे आवाज जास्त अडवते, त्यामुळे फक्त धप-धप उरते आणि मुलीचं एकटेपण आपोआप ऐकू येतं. कुणीतरी दार उघडतं त्या क्षणी ऑटोमेशननं (वेळेनुसार सेटिंग आपोआप बदलण्याच्या सोयीनं) फिल्टर अर्ध्या सेकंदात उघडा. संगीत, हसू, ग्लासांची किणकिण असं सगळं एकदम अंगावर येतं. चित्रात रंगाचा एक ठिपकाही बदललेला नसतो!

फोनवरच्या आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा. संवादांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावला की पंख्याची घरघर बरीच कमी होते. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) मात्र जपून. झोपायची खोली देवळाच्या गाभाऱ्यासारखी घुमायला नको.

हे सगळं जुळून यायला शूटिंगच्या जागी ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड केलेली हवी. ती नसेल तर प्रत्येक कटला आवाजात खड्डा पडतो, आणि तो बुजवणारा फिल्टर मला अजून सापडलेला नाही.

५. एक्स्पोर्ट करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. ती धप-धप तिथे गायब झालेली असेल, कारण इतका खालचा आवाज छोट्या स्पीकरला झेपत नाही. लो-पासचा कटऑफ (जिथून वरचं कापलं जातं ती मर्यादा) थोडा वर, ८०० हर्ट्झपर्यंत न्या आणि पुन्हा ऐका.