दुधाच्या पिशवीत टोमॅटो-मिरचीची रोपं

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला खिडकीच्या ग्रिलमध्ये थंडीचे टोमॅटो हवे असतील तर बी सप्टेंबरअखेर घरातच टाका. भर पावसातल्या दमट हवेत कोवळी रोपं टिकत नाहीत.

अंड्यांचे कागदी ट्रे सोयीचे वाटतात, पण लवकर लिबलिबीत होतात आणि मुळांना जागा पुरत नाही. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी कधीही बरी. वरची कड कापा, साबणाने धुवा. ओशटपणा राहिला तर मुंग्या लागतात. खालचे दोन्ही कोपरे करंगळीचं टोक जाईल इतके कापा. दोन वाट्या भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी चाळलेलं गांडूळखत मिसळून भरा. अर्धा सेंटिमीटर खोल दोन बिया पेरा. टोमॅटो 5 ते 8 दिवसांत उगवतो. मिरचीला 8 ते 15 लागतात, घाईने उकरू नका.

कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात न्या, नाहीतर रोप लांबुडकं होऊन लवंडतं.

पाणी वरून नको. पिशव्या ताटलीत ठेवून खालून पाजा, अर्ध्या तासाने उरलेलं ओता. जास्त ओलीत देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी होतो आणि रोप आडवं पडतं. ते वाचत नाही; मातीसकट काढा, बाकीच्यांना वारा द्या.

दोनांतलं अशक्त रोप कात्रीने कापा, उपटू नका. चार-पाच खरी पानं (बीतून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की आठवडाभर रोज थोडं जास्त ऊन दाखवा, मग पिशवी उभी चिरून कुंडीत लावा. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत पुरला तरी चालतो, देठालाही मुळं फुटतात.